तांबड्या रेघेतलं माहेर

या आषाढात मी चामराजपेटेतल्या आमच्या इमारतीला समुद्राच्या उधाणाचा इशारा दिला. ‘उद्या दुपारी मोठी भरती आहे. लाटा नेहमीपेक्षा वर चढतील. जनावरं उंचावर बांधा, गॅसची टाकी आणि किमती सामान वर उचलून ठेवा, नारळ पाडायला कोणीही वाडीत जाऊ नये.’ मेसेज जायचा होता बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर. गेला इमारतीच्या ग्रुपवर, जिथे एरवी टँकर कधी येणार आणि जिन्यात चपला कोणाच्या, यापलीकडे विषय जात नाही. बेंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच आहे. समुद्र इथे पोचला तर इशारा द्यायला आणि घ्यायला फारसं कोणी उरलेलं नसेल. पण मेसेज गेला. इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारखी, पिढ्यान् पिढ्या इथे रुजलेली मराठी. उरलेल्यांनी फोनकडून भाषांतर करून घेतलं. मग उत्तरं सुरू झाली.

“सार, समुद्र मैसूर रोडनं येणार की होसूर रोडनं? त्याप्रमाणे गाडी काढतो.”

“भरती किती दिवस राहणार? ऑफिसला कळवायला हवं.”

तळमजल्याच्या सरोजाक्का तर धापा टाकत जिना चढून आल्या आणि कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, “अण्णा, टाकी मी कट्ट्यावर ठेवली, सरी. पण माझ्याकडे म्हैस नाही रे. स्वल्प विचार करून सांग, काय बांधू उंचावर?”

मी हसलो, कान पकडले, मेसेज पुसला. सुलभा हसली नाही. सुलभा म्हणजे माझी बायको, वेंगुर्ल्याकडची. ती पोळीचं लाटणं हातात घेऊन दारात उभी होती. “भाईला गेला का पण तो मेसेज?” तिने विचारलं.

गेला नव्हता. तिच्या भावाला, ज्याच्यासाठी तो लिहिला होता, तेवढा सोडून तो सगळ्यांना गेला होता. मी पुन्हा पाठवला. आणि तो पाठवताना भाईला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती सांगितली नाही. खरं तर माझं बोट चुकीच्या ग्रुपवर पडलं ते त्या गोष्टीमुळेच. त्या सकाळी ऑफिसात किनाऱ्याचा नवा नकाशा उघडला होता. भाई खाडीकडे नवीन घर बांधतोय. भिंती उभ्या राहिल्यात, पाऊस उघडला की वर स्लॅब पडायचा आहे. ते घर नव्या नकाशात तांबड्या रंगात आलं होतं.

*

मी समुद्राचा माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आमचं घराणं कोण्या काळी घोड्यांच्या मागे चालत या पठारावर आलं आणि इथेच बसलं. आमच्या घरात पाण्याचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे तांब्याचा हंडा. मला पोहता येत नाही. लग्न ठरलं तेव्हा सासुरवाडीची मंडळी मला कौतुकाने किनाऱ्यावर घेऊन गेली आणि मी पहिल्याच लाटेला मागे सरकून सासऱ्यांच्या पायावर पाय दिला. आणि आज माझा धंदा काय, तर समुद्र कुठवर येईल ते सांगण्याचा. कोरमंगलात, एका कॉफीच्या दुकानाच्या वर, थंडगार काचेच्या खोलीत बसून आम्ही किनाऱ्यांचे धोके मोजतो. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पीजीमध्ये राहणाऱ्या मुलामुलींच्या दुचाक्या दिसतात.

काम तसं सोपं आहे. उपग्रहाची जुनी-नवी चित्रं एकावर एक ठेवायची. ओली वाळू संपून कोरडी कुठे सुरू होते, ती कड प्रत्येक चित्रात आखायची. समुद्र कोणत्या वेगाने आत सरकतोय ते काढायचं. त्यात पातळी वाढणार आहे तेवढं घालायचं, वादळ आलं तर लाट किती चढेल तेवढं घालायचं आणि मग जमिनीवर एक रेघ ओढायची. रेघेच्या समुद्राकडे सगळं तांबडं. तिच्यामागे नारिंगी, मग पिवळं, आणि शेवटी पांढरं. पांढरं म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटतं. पांढरं म्हणजे आम्हाला अजून ठाऊक नाही, एवढंच. पण रंगाला हे तोंडाने सांगता येत नाही, आणि आम्ही सांगायला तिथे नसतो.

सुलभाने एकदा ऑफिसात येऊन हे सगळं पाहिलं होतं. ती पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली. निळा रंग, पिवळसर पट्टा, हिरवे ठिपके. “हे माड?” तिने विचारलं. मी म्हटलं, हो. “आवाज कुठाय?” मी म्हटलं, कसला आवाज? तिने माझ्याकडे असं पाहिलं की पोळपाटावर झुरळ दिसलं तरी ती जरा मायेने बघेल.

*

पहिली रेघ आखली तो पावसाळा माझ्या अंगात अजून आहे. बेंगळुरात हे दिवस फार सुखाचे असतात, हीच त्यातली दुष्ट गोष्ट. हवेत गारवा, संध्याकाळी झिमझिम, कोपऱ्यावर मक्याची कणसं भाजल्याचा वास. आमच्याकडे लोक आषाढाला ‘मस्त हवा’ म्हणतात. आणि तोच वारा, तोच ढग, घाट चढण्याआधी खाली किनाऱ्यावर कोणाच्या तरी न्हाणीघराची भिंत घेऊन आलेला असतो. आम्हाला मिळतो तो त्याचा उष्टा गारवा.

तेव्हा किनाऱ्याचा जो तुकडा आमच्या कंपनीकडे आला, त्यात सुलभाचं माहेर होतं. मी केतकीला सांगितलं. केतकी माझी साहेब, पुण्याची, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. ऑफिसात सगळे मला सर म्हणतात, ती एकटी काका म्हणते. मान म्हणून की वय म्हणून, हे मी विचारलेलं नाही. ती म्हणाली, “काका, फॅमिली प्रॉपर्टी आहे का तुमची तिथे?”

“माझी नाही. मेहुण्याची. माडांची वाडी आणि घर.”

“मग चिल. फक्त लाइन फिरवू नका हं त्यांच्यासाठी.”

फिरवली नाही. रेघ आली ती भाईच्या मागच्या अंगणातून, फणसाच्याही पलीकडून गेली. घर, विहीर, गोठा, पुढची वाळूची पुळण, सगळं तांबडं. मी ते घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं, आधी कळल्याचा उपयोग होईल. सुलभाने ऐकून घेतलं आणि भाईला फोन लावून, मी समोर बसलेला असताना, म्हणाली, “भाई, हेंनी आपलां घर समुद्रात घातल्यानी.”

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला वाटतं, आता आपल्यावर नवीन आळ यायचा नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, आम्ही तिकडे गेलो. गावच्या देवळात गाऱ्हाणं होतं. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवासमोर सगळा गाव उभा राहतो. एक जण मोठ्या आवाजात देवाला एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारतात. त्यात एक गंमत असते. पहिल्या दोन-तीनदा आपण ऐकून म्हणतो. नंतर तोंड आपोआप म्हणतं. मी तर बाहेरचा जावई, आपलं गावावर किती प्रेम आहे ते दाखवायची हौस, म्हणून पुढे उभा राहून सगळ्यांत मोठ्याने म्हणत होतो.

गाऱ्हाणं घालायचा मान भाईच्या घराचा. तो सोवळं नेसून उभा. धिप्पाड माणूस, माडावर चढून चढून पायाच्या पोटऱ्या दोरखंडासारख्या झालेल्या, आणि आवाज असा की समुद्रालाही जरा थांबावंसं वाटेल.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां एकवटान तुझ्या पायाकडे उभी आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वाडयेतल्या माडामाणसांक, गुराढोरांक सुखी ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बेंगळुराक बसान कोणी एक शाण्यान् आमच्या घरादारावर तांबडी रेघ वडल्यान हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्या शाण्याचे डोळे उघड म्हाराजा! आणि उघडनत नाय तर तेच्याच घरात पाणी घाल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हणालो. एकटाच. मी इतक्या जोरात म्हणालो की देवळाच्या घंटेत तो आवाज घुमला आणि परत माझ्याकडे आला. बाकी सगळा गाव गप्प होता. लोकांनी त्या एका मागण्यापुरता मला जावई म्हणून सोडलं होतं, आणि मी स्वतःच शिक्का मारून बसलो. मग जे हसू फुटलं ते गाभाऱ्यात पोचलं असेल. सुलभाने पदर तोंडावर घेतला. देवळातून बाहेर पडताना भाईने माझ्या खांद्यावर हात टाकला. “भावजी, आवाज बरो आसा तुमचो. फुडल्या वर्साक तुम्हीच घाला गाऱ्हाणां.”

त्या रात्री जेवताना तो मला एकदाच खरं बोलला. “रेघ पुसा असा मी म्हणनय नाय. माका ठावक आसा, दर्यो आत येता. लहानपणी मी ज्या पुळणीर खेळलंय ती आता पाण्यात आसा. पण तुमची रेघ बघून कोणी तरी बंधारो घालतलो ना? तो आमच्या माडांपर्यंत येवक व्हयो. इतकाच बघा.”

मी म्हटलं, बघतो.

*

बंधारा आला. रेघेचा उपयोग होतो तो असा. किनारा तांबडा झाला की कोणाला तरी दचकायला होतं, आणि ज्याच्या दचकण्याला वजन असतं त्याच्यासमोर काळे दगड पडतात. वाडीच्या दक्षिणेला एक मोठं हॉटेल उभं राहिलं होतं. त्याच्या लॉनवर नकाशात तांबडा रंग आला होता. बंधारा कुठून कुठवर घालायचा याची बैठक बेंगळुरातच झाली, हॉटेलवाल्यांचं मुख्य ऑफिस इथलं म्हणून.

मी बैठकीत हात वर केला. जिथे दगडांची भिंत संपते तिथे समुद्र जास्त चावतो, हे मी सांगितलं. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते, किनाऱ्याने वाहत जाणारी वाळू अडते, आणि भिंतीच्या शेजाऱ्याला दोघांच्याही वाटणीचा मार बसतो. म्हणून भिंत घालायची तर वाडीच्या पुढे न्यावी.

“वाडीत काय आहे?” समोरच्याने विचारलं. चांगला माणूस होता, चहा पुढे सरकवत होता.

“घरं आहेत.”

“किती?”

“चार-पाच. आणि माड.”

तो हसला नाही, चिडला नाही, काही वाईट बोलला नाही. एका बाजूला दगडाची किंमत आणि दुसऱ्या बाजूला दगडामागे जे वाचणार त्याची किंमत, असा तो तराजू असतो. हा तराजू मीच शिकून आलो होतो, मीच तो ऑफिसातल्या पोरांना शिकवतो. त्याने पडद्यावरचं पुढचं चित्र लावलं. माझ्या बोलण्याची नोंद घेतली जाईल, असं कोणी तरी म्हणालं. वाडीसाठी जो शब्द वापरला गेला तो होता ‘नियोजित माघार’. सैन्यात हरलेले लोक असला शब्द वापरतात. पण तिथे निदान माघार घेणारा आणि नियोजन करणारा एकाच चिखलात उभे असतात.

दगड हॉटेलच्या कुंपणाशी थांबले.

*

आणि मग बंधाऱ्यानंतरचा तो पावसाळा. आम्ही बघितला तो फोनवर. भाई फोन धरून समालोचन करायचा, आणि सुलभा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बघायची. मागे कुकरची शिटी, पुढे तो गडगडाट. आवाज कुठाय म्हणून तिने विचारलं होतं ना. तो आता दिवसभर आमच्या घरात होता.

“बघ गो सुलू, पयलो माड. बघ, बघ, वाकलो. गेलो!”

माड पडताना आधी आवाज होत नाही. त्याची मुळं हजार दोऱ्यांसारखी उघडी पडतात, लाट त्यांच्यातून आरपार जाते, पाणी मागे सरताना वाळू घेऊन जातं, आणि माड माणसासारखा गुडघ्यात वाकतो. मग झावळ्या पाण्यावर पसरतात. भाईच्या आजोबांनी लावलेली रांग होती ती. पहिल्या दिवसात पुढची रांग गेली. मग विहीर खारी झाली. कळशी काढून त्याच्या बायकोने चूळ भरली आणि थुंकली, तेही आम्हाला दिसलं. मग न्हाणी गेली. “सुलू, तुझी न्हाणी गेली गो,” तो म्हणाला. लहानपणी ती तिथे तासन् तास बसायची आणि भाई बाहेरून दार बडवायचा, म्हणून घरात तिला सुलूची न्हाणी म्हणत. दोघंही हसली. मला वाटलं, आता रडतील. नाही रडली. बहीण-भाऊ असे हसले की ते हसू ऐकणाऱ्याने खोलीबाहेर जावं. मी गॅलरीत गेलो. खाली सरोजाक्का मोगरा विकत घेत होत्या. आभाळ स्वच्छ, सोनेरी ऊन. वर बघून म्हणाल्या, “काय छान हवा पडली आहे ना अण्णा!”

मी बसने बेळगावमार्गे खाली उतरलो. तोवर घराचा पुढचा अर्धा भाग गेला होता. उरलेला अर्धा म्हणजे चुलीकडची खोली, माजघर आणि मागची पडवी, समोरून कापलेल्या फणसासारखं उघडं. भिंतीवर कॅलेंडर तसंच लटकत होतं. भाई छपरावर बसून कौलं काढत होता, एकेक खाली देत होता, त्याची बायको रचून ठेवत होती. मला बघून त्याने वरूनच ओरडून विचारलं, “भावजी, तुमची रेघ खंय इली? दाखवा मरे!”

मी फणसाच्या मागे, आडव्या पडलेल्या कुंपणाकडे बोट दाखवलं.

“म्हणजे दर्यो अजून पोचूक नाय थंयसर?”

“नाही.”

“मग अजून आसा की जागा.” आणि तो पुन्हा कौलं काढायला लागला.

त्या दुपारी त्याने त्या उघड्या खोलीत चूल पेटवून मला बांगड्याचं तिखलं करून घातलं. जेवताना समोर भिंत नव्हती, समुद्र होता. लाट फुटली की पत्रावळीवर तुषार यायचे. “मीठ कमी वाटता काय?” त्याने विचारलं. “नसात तर थांबा, आता येतला.” मी खाली मान घालून जेवलो. तसं चविष्ट तिखलं मी आयुष्यात खाल्लं नाही, हे लिहिताना मला लाज वाटते. पण जिभेला कोणाचं घर गेलंय ते कळत नाही. डावीकडे काळ्या दगडांची भिंत दिसत होती, नवी, घट्ट, नखाएवढीही न हललेली. तिच्यामागे लॉनवर रंगीत छत्र्या होत्या. एक जोडपं भिंतीवर उभं राहून फोटो काढत होतं, आणि चांगला यावा म्हणून त्यांनी फोन आमच्याकडे वळवला होता. पडकं घर, पडलेले माड, धूर. सुंदर आला असेल.

खरं सांगायचं तर माझी रेघ बरोबर होती आणि वेळ चुकली होती. मी भाईला सांगितलं होतं, हे तुमच्या नातवंडांच्या वेळी होईल. त्या वेळी ते खरं होतं. मग रेघेमुळे भिंत झाली, आणि भिंतीमुळे रेघ खोटी झाली. नकाशा आपण काढून बाजूला होतो असं आम्हाला वाटतं. तो बाजूला होत नाही. तो माणसांत जाऊन बसतो आणि त्यांच्याकडून दगड टाकवून घेतो. समुद्राला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण नाही. समुद्र दुष्ट नाही; त्याला तेवढं लक्षच नाही आपल्याकडे.

*

खाडीकडची जागा भाईने मला विचारून घेतली. त्या जागेवर उभं राहून त्याने मला फोन केला होता, व्हिडिओवर गोल फिरून सगळं दाखवलं. मागे टेकाड, पुढे भाताचं शेत, त्यापलीकडे शांत हिरवी खाडी. “हयसर बांधू?” मी पडद्यावर बघितलं. पांढरं. “बांधा,” मी म्हणालो. मला आठवतं, मी जरा छाती काढूनच म्हणालो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या धंद्यातून घरच्या माणसाला चांगला शब्द मिळत होता.

खाडीच्या तोंडाशी वाळूची एक लांब जीभ होती. समुद्र बाहेर आपटायचा, जीभ ते अंगावर घ्यायची, आत खाडी झोपलेली असायची. त्या जिभेला वाळू यायची ती दक्षिणेकडून, किनाऱ्याने. आता वाटेत दगड आहेत. जीभ उपाशी पडली, झिजली, आणि या वर्षीच्या चित्रात ती बारीक झालेल्या नखासारखी दिसते. उधाणाला समुद्र तिच्यावरून थेट आत शिरतो, खाडीतून शेतात, शेतातून टेकाडाच्या पायथ्याशी. केतकीने त्या सकाळी पडद्यावरचं चित्र मोठं केलं. मग म्हणाली, “काका, हे तुमच्या मेहुण्याचं नवीन घर ना? सॉरी हो. रिअली सॉरी.” तिने माझ्यासाठी खालून कॉफी मागवली. कॉफी खरंच चांगली होती.

मेसेजचा घोळ निस्तरून, सरोजाक्कांना जिन्याने खाली पोचवून, मी सुलभासमोर बसलो आणि सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. एक पोळी जास्तच पातळ लाटली गेली, मध्ये भोक पडलं. तिने ती गोळा करून पुन्हा लाटली.

“फोन लावा,” ती म्हणाली.

“जेवण झाल्यावर लावू?”

“आत्ता. तो जेवायच्या आत. नाहीतर जेवलेलं अंगी लागायचं नाही त्याच्या.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे प्लास्टिकच्या कागदावर पाऊस वाजत होता. भाई आणि वहिनी सध्या नव्या घराच्या उघड्या भिंतींवर कागद ताणून राहतात. “बोला भावजी! उद्याच्या भरतीचा मेसेज इलो. गुरां वर बांदली. दोनदा पाठवल्यात की काय, सुलू म्हणता इमारतीक पण पाठवल्यात?” आणि हसला. ही बातमी त्याला इतक्यात कशी पोचली ते विचारण्यात अर्थ नव्हता.

मी सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं. जीभ, वाळू, दगड, खाडी. आत्ता लगेच नाही, पण मोठं वादळ आणि मोठी भरती एकत्र आली तर घरात पाणी. आणि पुढे पुढे, तशा वादळाशिवायही. या वेळी मी वेळ सांगितली नाही. माझ्याच आवाजाचा मला कंटाळा आला.

पलीकडे कोणी तरी भांडं सरकवलं. मग भाई खाकरला.

“भावजी, तुम्ही पोचता तरी खंय? मी डोंगरार चडलंय तर डोंगरार रेघ येतली?”

“डोंगरावर दरडी,” माझ्या तोंडून निघून गेलं. धंदा असा भिनलेला असतो.

आणि तो हसला. पोटातून, मोठ्याने, त्या देवळातल्यासारखा. मागून वहिनीही हसल्याचं ऐकू आलं. सुलभाच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

“बरां झालां आदी सांगितल्यात,” तो म्हणाला. “स्लॅब पडूक नाय अजून. आता घालूचो नाय. स्लॅब खांद्यार घेवन खंय जातलंय मी? जुनी कौलां रचून ठेवलेली आसत, तीच घालतंय. कौलां काढून न्हेवक येतत, माका सवय झाली.”

“भाई, दुसरी जागा बघू या. मी शोधतो.”

“तुमी शोधू नका,” तो झटकन म्हणाला. त्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. “जागा माजी मी बघतंय. दुसरी परवडाक व्हयी ना. तवसर हयच ऱ्हवतलंव. सुलू, ऐकतं मगे? पाऊस वायच उघडलो की कौलां घालून घेतंय. गणपतीक ये. रिकाम्या घरात गणपती आणूचो नाय मी, तुका येवकच व्हयां.”

“येतंय,” सुलभा म्हणाली.

फोन बंद झाला. ओट्यावर पिठाचा धुरळा होता, त्यात माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. बाहेर कोणी तरी मस्त हवा पडली म्हणून मुलांना गच्चीवर हाक मारत होतं. चुकलं नाही माझं, असंही म्हणता येईना, आणि चुकलं, असंही नाही. सुलभाने तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर ताट ठेवलं.

“त्या नव्या घराचं मला एकच वाटत होतं,” ती म्हणाली. “पाणी लांब पडतं. आता भाईचे गुडघे दुखतात, गणपती डोक्यावर घेऊन तेवढं चालायचं कोणी, याची काळजी होती. ती तुम्ही मिटवलीत. अजून थोडी वर्षं गेली की दारातूनच विसर्जन होईल. जेवा.”